केमो सुरू असताना रक्ताचे आकडे कसे वाचावेत

फुप्फुसाच्या कॅन्सरवर केमोथेरपी सुरू असताना रक्त दोन वेगळ्या कारणांसाठी काढलं जातं, आणि बहुतेक घरांत या दोन कारणांची गल्लत होते. शरीर पुढची केमो झेलू शकेल का, हे पाहणं हे पहिलं कारण. केमोचा गाठीवर परिणाम होतोय का, याचा अंदाज घेणं हे दुसरं. डे-केअरच्या बाहेर बसलेले नातेवाईक घरी फोन करून सांगतात, ‘काऊंट चांगला आलाय, म्हणजे औषध लागू पडतंय.’ काऊंट चांगला येणं ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण गाठ कमी झाली की नाही हे त्यावरून अजिबात कळत नाही. पांढऱ्या पेशी उत्तम आणि गाठ मात्र वाढलेली, किंवा पांढऱ्या पेशी घसरलेल्या आणि गाठ निम्मी झालेली, असं दोन्ही घडतं. हा लेख मुख्यतः दुसऱ्या कारणाबद्दल आहे. पहिल्याबद्दल थोडक्यात पण निक्षून सांगायचं ते आधी सांगतो.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि त्याच्या जोडीला पेमेट्रेक्झेड, पॅक्लिटॅक्सेल, जेमसिटाबिन किंवा इटोपोसाइड यांपैकी एक औषध, असा केमोचा सर्वसाधारण साचा असतो. बहुतेकदा दर २१ दिवसांनी एक सायकल दिली जाते. रक्तपेशी सर्वांत खाली जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. पुढच्या सायकलआधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी साधारण १,५०० च्या आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर असाव्यात, अशी बहुतेक डॉक्टरांची अपेक्षा असते. या मधल्या दिवसांत अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप भरला, तर पॅरासिटॅमॉलची गोळी देऊन सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, ‘केमो चालू आहे.’ पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो.

कोणत्या प्रकाराला कोणता मार्कर

आता गाठीच्या खुणांकडे वळू. ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरच्या पेशींमधून रक्तात उतरणारे पदार्थ, बहुधा प्रथिनं. यांतला सर्वांत परिचित सीईए. माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये तो आतड्याच्या कॅन्सरच्या संदर्भात प्रथम मांडला. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारातही तो पुष्कळदा वाढलेला सापडतो. स्क्वॅमस प्रकारात सायफ्रा २१-१ अधिक उपयोगी पडतो. पेशींच्या सांगाड्यातल्या केराटिन १९ या प्रथिनाचे तुकडे या चाचणीत मोजले जातात. स्क्वॅमससाठी एससीसी नावाचा आणखी एक मार्कर आहे. झपाट्याने वाढणाऱ्या स्मॉल सेल प्रकारात एनएसई आणि प्रो-जीआरपी हे दोन मार्कर पाहतात.

म्हणून पहिलं काम हे की, बायोप्सीच्या रिपोर्टवर नेमका कोणता प्रकार लिहिला आहे ते वाचा. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण ८५ जणांना ‘नॉन-स्मॉल सेल’ गटातला आजार असतो. अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे त्यातले दोन मोठे उपप्रकार. उरलेले बहुतेक स्मॉल सेलचे. प्रकार माहीत नसताना लॅबच्या जाहिरातीतलं ‘संपूर्ण कॅन्सर पॅकेज’ करून घेण्यात पैसे जातात आणि डोक्याला नसता घोर लागतो. फुप्फुसाच्या रुग्णाचे एएफपी किंवा पीएसए हे दुसऱ्या कॅन्सरचे मार्कर किती आले, यावरून केमोचा परिणाम कळत नाही. एखाद-दोन नेमके मार्कर पुरतात. ते कोणते, हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी ठरवायचं.

दुसरं काम याहून महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं. पहिली केमो चढण्याआधी मार्करचा आकडा हातात हवा. तो आकडा नसेल तर पुढचे सगळे आकडे अधांतरी राहतात. तिसऱ्या सायकलनंतर सीईए १८ आला, तर तो ८० वरून उतरलेला आहे की ९ वरून चढलेला, हे कसं ठरवणार? निदान झालं की घर हादरलेलं असतं, धावपळ असते आणि ‘मार्कर नंतर बघू’ असं होऊन जातं. पण ही एकच रक्तचाचणी अशी आहे की ती वेळेवर झाली नाही तर पुन्हा करता येत नाही. केमोच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, सलाइन लावण्याआधी रक्त देता येतं. नर्सला तेवढं विचारायला विसरू नका.

पहिलाच आकडा सामान्य मर्यादेत आला तर? अनेक रुग्णांमध्ये, आजार पसरलेला असतानाही, मार्कर वाढलेलाच नसतो. मग त्या मार्करचा पाठपुरावा सोडून द्यावा. सुरुवातीपासून ३ असलेला सीईए सहा आठवड्यांनी ३ च आला, तर त्यातून काहीच समजत नाही. या रुग्णाचा अंदाज घ्यायचा तो स्कॅन आणि तब्येत यांवरूनच.

पहिल्या केमोनंतरची घबराट

समजा, अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या एका रुग्णाचा केमोआधीचा सीईए ४८ आहे. पहिल्या सायकलनंतर तो ६१ येतो. घरात सन्नाटा पसरतो. कुणी म्हणतं, औषध बदला. कुणी आयुर्वेदाचा पत्ता आणतं. दुसऱ्या सायकलनंतर तोच आकडा ३० होतो, तिसऱ्यानंतर १२. असं खरोखर होतं. केमोनं कॅन्सरच्या पेशी मरायला लागल्या की त्यांच्यातला माल रक्तात सांडतो आणि मार्कर काही काळ उसळी घेतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सीईएची अशी तात्पुरती उसळी नोंदली गेलेली आहे. स्मॉल सेलमध्ये केमोनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत एनएसई वर जाऊ शकतो. त्यामुळे पहिल्या सायकलनंतरच्या एकट्या चढत्या आकड्यावरून केमो फसली, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर त्याला थांबवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या सायकलनंतरचा आकडा येऊ द्या.

यातूनच रक्त कधी द्यावं तेही कळतं. केमो झाल्यावर चार दिवसांनी नको, तर पुढच्या सायकलच्या एक-दोन दिवस आधी. शरीर प्रत्येक मार्कर वेगळ्या गतीनं साफ करतं. सायफ्रा काही तासांत निम्मा होतो, सीईएला काही दिवस लागतात. प्रत्येक सायकलमध्ये रक्त त्याच टप्प्यावर दिलं तरच आकड्यांची आपसांत तुलना होते. दर आठवड्याला मार्कर करण्यात अर्थ नाही. त्यानं चिंता वाढते, माहिती वाढत नाही.

किती फरक खरा मानायचा, हाही प्रश्न आहे. सीईए ११ वरून १२.५ झाला म्हणून रडणारी माणसं असतात. यंत्राचा आणि शरीराचा आपला-आपला चढउतार असतो. साधारण पाव हिश्शापर्यंतचा बदल ‘जैसे थे’ समजावा. पाठोपाठच्या दोन चाचण्यांमध्ये आकडा एकाच दिशेनं ठळकपणे सरकत असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलायला हवं. वहीच्या एका पानावर तारीख, कितवी सायकल, लॅबचं नाव आणि आकडा असे चार रकाने आखून ठेवा. ओपीडीत डॉक्टरांना दहा मिनिटं मिळतात. जाड फाइल उलटण्यात त्यातली पाच जातात, हे पान पुढे केलंत तर ती वाचतात.

खोटे आकडे कुठून येतात

लॅब बदलू नका, हे पहिलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं त्याच नळीतल्या रक्ताचा सीईए वेगवेगळा दाखवू शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. नाशिकच्या लॅबमधला आधीचा आकडा आणि मुंबईच्या रुग्णालयातला नंतरचा आकडा यांची वजाबाकी करून बसू नये. लॅब बदलणं भागच असेल तर नव्या ठिकाणचा पहिला आकडा नवी सुरुवात म्हणून धरा.

तालुक्याच्या गावात रक्त देणाऱ्यांनी एनएसईच्या बाबतीत विशेष जपावं. हा पदार्थ लाल पेशी आणि प्लेटलेटमध्येही भरपूर असतो. कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी काढलेली नळी तशीच बर्फाच्या डब्यात घालून मोटारसायकलनं, मग एसटीनं शहरात गेली, की वाटेत पेशी फुटतात आणि वरचा पिवळसर द्रव लालसर दिसायला लागतो. त्या नळीतला एनएसई भलताच वाढलेला येतो आणि त्याचं गाठीशी काही नातं नसतं. ही चाचणी करायची तर रक्त काढल्यावर तासाभरात नळी यंत्रात फिरवून सीरम वेगळं करण्याची सोय तिथेच असली पाहिजे. सेंटरवरच्या माणसाला सरळ विचारा, ‘सेंट्रिफ्यूज आहे का? इथेच सीरम काढणार का?’ नाही म्हणाला तर ही चाचणी रुग्णालयात गेल्यावर करा. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ असं लिहिलं असेल तर तो एनएसई वहीत चढवूच नका.

मूत्रपिंडाचा मुद्दा त्याहून अवघड आहे. सायफ्रा, प्रो-जीआरपी आणि एससीसी हे मार्कर मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात साचतात. आणि सिस्प्लॅटिनचा सर्वांत ओळखीचा दुष्परिणाम नेमका मूत्रपिंडावर होतो. म्हणजे गाठ कमी होत असताना, औषधानं मूत्रपिंड दमल्यामुळे, मार्कर चढलेला दिसू शकतो. म्हणून हे तीन मार्कर पाहताना त्याच दिवशीचं क्रिएटिनिन शेजारी ठेवलंच पाहिजे. वहीतला पाचवा रकाना त्याचा.

केमोत केस गळतात. मग कुणीतरी आपुलकीनं केस-नखांसाठीच्या गोळ्या आणून देतं. त्यांत बायोटिन असतं, अनेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. बऱ्याच लॅबच्या यंत्रांत मोजणीसाठी बायोटिनचाच आधार घेतलेला असतो, त्यामुळे रक्तात जास्तीचं बायोटिन असलं की मोजणी बिघडते. सीईएसारख्या चाचण्यांमध्ये अशा वेळी आकडा खोटाच कमी येऊ शकतो. घरात पेढे वाटले जातात आणि आजार आपल्या वाटेनं चालू राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मल्टिव्हिटॅमिनच्या पट्टीमागचा मजकूर वाचा, बायोटिन असेल तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, आणि रक्ताआधी किती दिवस थांबवायचं ते विचारून घ्या. पेमेट्रेक्झेड चालू असलेल्यांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी-१२ चं इंजेक्शन दिलेलं असतं. ते औषधाचाच भाग आहेत. बायोटिनच्या भीतीनं ते बंद करू नका.

बाकीच्या कारणांची यादी लांब आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए मुळातच थोडा वर असतो, म्हणून बऱ्याच लॅब त्यांच्यासाठी ५ पर्यंतची आणि इतरांसाठी ३ पर्यंतची मर्यादा छापतात. यकृताच्या आजारातही तो वाढतो. एससीसी सोरायसिससारख्या त्वचारोगात वाढतो. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी माहीत आहे. क्षयामुळे छातीत पाणी झालं तर सीए-१२५ हा मार्कर चांगलाच वर जातो. त्यावरून कॅन्सर पसरला असं ठरवू नये.

स्वस्त चाचण्यांकडे लक्ष द्या

महागड्या मार्करच्या नादात नेहमीच्या रिपोर्टमधले दोन-तीन साधे आकडे नजरेतून सुटतात, याचं मला वाईट वाटतं. स्मॉल सेलच्या काही गाठी असा हार्मोन बनवतात की शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम खाली जातं. रुग्ण गुंगीत असतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांना वाटतं खचलाय. केमो लागू पडली की सोडियम हळूहळू मूळपदावर येतं. सोडियमची ही चाचणी साध्या लॅबमध्येही स्वस्तात होते. स्क्वॅमस प्रकारात कधी कधी कॅल्शियम वाढतं. त्यानं तहान, बद्धकोष्ठ, गळाठा येतो. उपचारानं गाठ दबली की तेही उतरू शकतं, पण वाढलेलं कॅल्शियम हे स्वतःच तातडीचं दुखणं आहे, ते अंगावर काढू नये. स्मॉल सेलमध्ये एलडीएच हा आजाराच्या पसाऱ्याचा ढोबळ अंदाज देतो. मात्र काऊंट वाढवण्यासाठी पोटात किंवा दंडात दिलेल्या फिलग्रास्टिमच्या इंजेक्शननंतर एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे दोन्ही काही दिवस वर राहू शकतात. ते इंजेक्शन कधी दिलं, याची तारीख त्याच वहीत असू द्या.

रक्तातला डीएनए

अलीकडे ‘लिक्विड बायोप्सी’ हा शब्द बऱ्याच रुग्णांच्या कानावर पडतो. मरणाऱ्या पेशींमधून डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. माणसाच्या रक्तात असा मोकळा डीएनए असतो, हे मॅन्डेल आणि मेताइस या फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. त्यात गाठीतल्या बिघडलेल्या जनुकांचे तुकडेही असतात. हा डीएनए काही मिनिटांत ते एक-दोन तासांत निम्मा होतो, त्यामुळे शरीरात आत्ता काय चाललंय याचं चित्र तो प्रथिनांपेक्षा ताजं देतो. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ईजीएफआर जनुकातला बदल रक्तातून शोधणाऱ्या चाचणीला एफडीएची पहिली मान्यता २०१६ मध्ये मिळाली.

आज या चाचणीचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. गाठीचा तुकडा पुरेसा मिळाला नसेल तर कोणतं लक्ष्यवेधी औषध चालेल हे ठरवण्यासाठी, आणि असं औषध लागू पडेनासं झालं की कारण शोधण्यासाठी. ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णांमध्ये केमोचंही स्थान आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या जेफिटिनिब या लक्ष्यवेधी औषधावर आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, तर जोडीला पेमेट्रेक्झेड आणि कार्बोप्लॅटिन दिल्यावर १६ महिने. २०२० मध्ये ते निष्कर्ष छापून आले. केमोच्या प्रत्येक सायकलला लिक्विड बायोप्सी करून उपचार हलवत राहणं मात्र अजून रोजच्या व्यवहारात बसलेलं नाही. खर्च मोठा आहे. आणि रक्तात काही सापडलं नाही म्हणून शरीरात काही उरलं नाही, असं होत नाही. काही गाठी रक्तात फारसं काही सोडतच नाहीत. ही चाचणी ठरलीच, तर रक्त तिच्यासाठीच्या खास नळीत घेतलंय ना, एवढं पाहा. साध्या नळीतलं रक्त काही तासांत वेगळं करावं लागतं.

विचारायचा एक प्रश्न

मार्करची चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, हा आकडा वाढला किंवा कमी झाला, तर आपण उपचारात काय बदलणार?’ उत्तर ‘स्कॅन लवकर करू’ असं आलं तर चाचणी सार्थ आहे. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ते पैसे प्रोटीन पावडरला आणि टॅक्सीला लागू द्या.

हा प्रश्न विचारायला आधार आहे. बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये सीए-१२५ वाढल्याबरोबर लगेच पुन्हा केमो सुरू करावी की लक्षणं दिसेपर्यंत थांबावं, याची मोठी चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या आकड्यावरून लवकर केमो घेणाऱ्या स्त्रियांचं आयुष्य वाढलं नाही, उलट त्यांचे बरे दिवस लवकर संपले. आजार वेगळा आहे, धडा मात्र फुप्फुसाच्या रुग्णांनाही लागू पडतो. आकडा लवकर कळल्यानं भलं होतंच असं नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो चालू ठेवायची की बदलायची, याचा निर्णय आजही मुख्यतः सीटी स्कॅनवर होतो. साधारण दोन-तीन सायकलनंतर, म्हणजे सहा ते नऊ आठवड्यांनी, तो केला जातो. मोजायला घेतलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्के किंवा जास्त घटली तर चांगला प्रतिसाद, २० टक्के किंवा जास्त वाढली किंवा नवी गाठ दिसली तर आजार पुढे सरकला, असं २००९ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमांत आहे. या दोन्हींच्या मधे असेल तर आजार स्थिर. स्थिर असणं हेही यश आहे, हे रुग्णाला आवर्जून सांगा. केमोबरोबर इम्युनोथेरपी चालू असेल तर क्वचित गाठ आधी फुगल्यासारखी दिसते आणि मग ओसरते. अशा वेळी डॉक्टर काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करायला सांगतील. रुग्णाचा खोकला, धाप, वजन, भूक, जिना चढण्याची ताकद यांची नोंद मात्र घरच्यांशिवाय दुसरं कुणी ठेवू शकत नाही, आणि डॉक्टर ती खरोखर ऐकतात.

शेवटी एक कळकळीची विनंती. मार्कर खाली आला म्हणून ठरलेला स्कॅन पुढे ढकलू नका आणि मार्कर वर गेला म्हणून ठरलेली केमो स्वतःहून चुकवू नका. दोन्ही निर्णय डॉक्टरांसमोर बसून, वही पुढ्यात ठेवून घ्या.